नांगर

दुपारी तीनला वारा ईशान्येकडून फिरला
आणि शिडाकडं न बघताच हणमा मल्लाव म्हणाला,
"उतरवा. आज केत्तूर गाठत न्हाई आपण."

शीड माझं. म्हणजे माझ्या मागावरचं.
मांजरपाट, तिहेरी शिवलेला,
किनारीला चादरीचा मोराचा काठ,
तो राजेश्वरीचा हट्ट.
छत्तीस वर्षं सोलापुरात कापड विणलं मी,
त्यातलं वाऱ्यावर चालणारं हे पहिलंच.
खाली आलं ते तिघांच्या अंगावरच पडलं.
क्षणभर आत अंधार, खळीचा वास,
आणि राजेश्वरी हसली.

मग हसण्यासारखं काही राहिलं नाही.
उजनीचं पाणी उतू जायच्या आधीच्या दुधासारखं फुगलं.
पलीकडचा काठ आधी पुसट झाला,
मग नव्हताच.

हणमाचा नांगर म्हणजे खरोखरच नांगर.
लोखंडी, एका फाळाचा,
इसाड कापून कडी जोडलेली.
दोर हातात धरून तो ओणवा होऊन पाणी बघत राहिला.
काय शोधतोस, विचारलं,
तर म्हणाला, "बांध."

इथं मुरूम. घसरंल.
पुढं पाटलाचं रान, नुसती दगडं.
त्याच्या पल्याड आमचं.
काळी हाय. धरंल.

धरला.
दोर ताठ झाला, नावेचं तोंड वाऱ्याकडं वळलं,
कुणी कासरा ओढावा तसं.

पुढचे कित्येक तास कुणी काही केलं नाही.
वाट बघणं हेही काम असतं, हे मला ठाऊक होतं.
वीज गेली की माग थांबायचे,
आम्ही धोट्यावर हात ठेवून बसायचो
आणि मालक ते तास पगारातून कापायचा.
इथं कापणारं कुणी नव्हतं.
मी लाटा मोजल्या. ओकटी, रेंडू, मूडू.
आकडे अजून तेलुगूतच येतात मला. भीतीही.
सातवी लाट मोठी असते म्हणतात.
खोटं आहे. कुठलीही असते.

राजेश्वरीनं कडक भाकरी मोडली, वर शेंगाचटणी.
भाकरी कडक राहिली नव्हती.
"खाली काय पेरलं होतं हो, शेवटचं?"
हणमा बराच वेळ चावत राहिला.
"बाजरी. पाणी आलं तवा निसवली होती.
मला माळ्यावर बसवलेलं, गोफण देऊन, पाखरं राखायला."
घास गिळला.
"पाखरं आलीच न्हाईत."

रात्री दोर कुरकुरला.
हणमानं त्यावर दोन बोटं ठेवली,
ताण्यातला सैल धागा मी शोधतो तशी,
आणि अंधारातच म्हणाला, "एक तास झालं."
मी मोबाईल उजळून पाहिला. बारा वाजून गेलेले.
"तीन झाले की रे निदान."
"त्ये न्हवं," म्हणाला. "खाली. फाळ सरकला जरा.
येक तास पडलं रानात."

यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.
नवराबायको एका ओल्या शिडाखाली,
पाय एकमेकांच्या पायांवर.
चाळीस वर्षांत एवढा वेळ आम्ही
कधी एका जागी बसलो होतो, आठवेना.
ती म्हणाली, मोर मात्र नीट राहिलाय.
मी हो म्हणालो. दिसत काहीच नव्हतं.

पहाटे वारा उतरला, जसं काही त्यानं केलंच नव्हतं.
लांब कुठं तरी मोटारपंप सुरू झाला.
आम्ही तिघांनी मिळून दोर ओढला.
नांगर वर आला तो लडबडून,
फाळावर ढेकूळ, काळंभोर, वितीएवढं,
चिखल नव्हे, माती. पाणी निथळलं तरी घट्ट.
राजेश्वरीनं हात पुढं केला
आणि तसाच मागं घेतला.

हणमानं टाचेनं ढेकूळ पाण्यात लोटलं.
"वजन हुतंय," म्हणाला.
"शीड चढवा."